इंधन जाते कोठे?

यंत्राला वाचा नसते. परंतु ते आपली व्यथा लपवीतही नाही. जो शांतपणे पाहील, ऐकेल आणि मोजील, त्यास ते सर्व सांगते. आमच्या जुन्या मोटारीने ही गोष्ट आम्हांस गेल्या वर्षी चांगली पटवून दिली. विद्यार्थ्यांस तो वृत्तांत उपयोगी पडेल व त्यांच्या पालकांसही कदाचित थोडा लाभ होईल, या हेतूने तो येथे देत आहो.

आमची मोटार इ. स. २००६ सालची. घरापासून शाळेपर्यंत, आणि महिन्यातून दोनदा आमच्या वृद्ध मातोश्रींस औषधोपचारासाठी अहिल्यानगराहून पुण्यास नेण्याचे काम ती इमानाने करीत आली आहे. २०१२ सालच्या आमच्या टाचणवहीत तिचे ॲव्हरेज लिटरमागे १७ किलोमीटर असे नोंदलेले आहे. गेल्या वर्षी मात्र पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका वाढला. एका गॅरेजात दाखविले असता तेथील मेकॅनिकने क्षणभर कान देऊन ऐकले आणि निकाल दिला, "सर, बोअरचं काम निघालंय. चाळीस हजार धरून चाला." तेवढी रक्कम घरात होती, पण ती कन्येच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी राखून ठेविलेली होती. ती मोडावी की गाडी विकून मातोश्रींस एस. टी. च्या गर्दीतून न्यावे, असा पेच पडला.

निदानावाचून औषध घेणे बरे नव्हे, असा विचार करून आम्ही प्रथम मोजमाप हाती घेतले. रीत सोपी आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईतो टाकी भरावी व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढे त्याच पंपावर पुनः तशीच टाकी भरावी आणि मधल्या अंतरास या वेळी लागलेल्या लिटरांनी भागावे. आम्हांस ३४५ किलोमीटरांस ३० लिटर लागले, म्हणजे लिटरमागे ११.५. एका भरण्यावर विसंबू नये, म्हणून तीनदा मोजले; उत्तर तेच. इंधनाच्या उपयोगात जवळजवळ एक तृतीयांश घट झाली होती. दुसरा नियम असा केला की, एका वेळी एकच फेरफार करावयाचा. नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही.

प्रथम टायर पाहिले. दर चौरस इंचास ३० पौंड हवा हवी, ती २२ निघाली. मऊ टायर फिरताना सारखा दबतो व शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हवा भरताच आकडा १२.३ झाला. मग मळलेला एअर फिल्टर बदलला. आकडा तिळभर हलला नाही. अशा गाडीतील संगणक येणारी हवा मोजून तिच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो, म्हणून मळक्या फिल्टरने गाडी मंदावते, पण ॲव्हरेज फारसे घटत नाही. हेही एक ज्ञानच झाले.

त्यानंतर एका अनुभवी मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजून घेतला. चारही आकडे जवळजवळ सारखे व पुरेसे भरले. निळा धूरही नव्हता. इंजिन धडधाकट होते. बोअरचा प्रश्न तेथेच मिटला.

आता आमचे लक्ष उष्णतेच्या काट्याकडे गेले. वीस किलोमीटर गेल्यावरही तो मध्यापर्यंत चढत नसे. उघडून पाहतो तो थर्मोस्टॅट जागेवर नाहीच! मागे कधीतरी कोणी तो काढून टाकला होता. आपल्या उष्ण देशात त्याची गरज नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. पण इंजिनातील पाणी ८०–९० अंशांपर्यंत तापेतो त्यास रेडिएटरकडे जाऊ न देणे हे या लहानशा झडपेचे काम. ती नसेल तर इंजिन थंड राहते, आणि गाडी नुकतीच सुरू झाली आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडीत राहतो. नवा थर्मोस्टॅट बसविला, आकडा १४.६.

शेवटी, एका फेरीनंतर चारही चाकांजवळ हात धरून पाहिला. पुढच्या डाव्या चाकाची धग निराळीच होती. जॅक लावून फिरविले तर ते अडखळे. ब्रेकच्या कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, त्यामुळे पाय काढल्यावरही ब्रेक घासत राही. दुरुस्तीनंतर आकडा १५.९ झाला.

मग उरलेले १.१ किलोमीटर कोठे गेले? याचे उत्तर टाकीतच होते. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले व पुढे ते सर्वत्र पसरले. २०१२ साली हे मिश्रण फार थोडे होते. एक लिटर इथेनॉलात एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा सुमारे साडेसहा टक्के. आणि सतराचे साडेसहा टक्के काढा, १.१ च येतात. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. ही तूट कोणत्याही गॅरेजात भरून निघणारी नव्हे, आणि तसे कळल्यामुळे तिच्यापायी आणखी पैसा घालविण्याचे कारण उरले नाही.

सर्व दुरुस्त्यांस मिळून पाच हजारांहून कमी खर्च आला. पुण्याच्या जाण्यायेण्याच्या सुमारे २४० किलोमीटरांस पूर्वी जवळजवळ २१ लिटर लागत. आता १५ पुरतात. कन्येचा प्रवेश यथाकाल झाला. मातोश्री अजूनही त्याच गाडीतून जातात.

पालकांस एवढीच विनंती की, टायरांची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असता, तपासावी, आणि मोठ्या खर्चास होकार देण्यापूर्वी मोजमाप मागावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहीत निरीक्षण आधी व अनुमान मागाहून लिहावयास आम्ही सांगतो, ते केवळ परीक्षेच्या गुणांसाठी नव्हे, हे ध्यानात असू द्या.