शेवटचा शब्द मुलांचा

अंगणवाडीतल्या ताई गाणं म्हणता म्हणता ओळीच्या शेवटी थांबतात. जेमतेम एक मात्राभर. हात वर, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. समोर सतरंजीवर बसलेली पोरं उरलेला शब्द एकदम, घसा ताणून म्हणतात, आणि मग स्वतःच्याच आवाजाने हरखून एकमेकांकडे बघतात. लहान मुलांच्या शिकण्यात गाण्याचं काय काम, असं कुणी विचारलं तर मी आधी या एका मात्रेकडे बोट दाखवेन.

त्या मात्रेत मूल नुसतं ऐकत नसतं, पुढचं ओळखत असतं. ताल अंगात भिनलेला असतो, यमकाचा अंदाज आलेला असतो, आणि ज्याला अख्खी ओळ पेलत नाही त्यालाही शेवटचा शब्द पेलतो. एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी असा मुलगा पाहिला आहे. दारापाशी, चपलांच्या शेजारी बसायचा. घरची बोली वेगळी, इथली मराठी वेगळी. नाव विचारलं तरी मान खाली. गाणं सुरू झालं की मात्र मांडीवर बोटं हलायची. पुढे टाळी आली, तीही सगळ्यांची वाजून गेल्यावर. मग एके दिवशी मांजराच्या गाण्यात ताई थांबल्या आणि चपलांच्या बाजूने ‘म्याऊ’ आलं. ताईंनी वळून पाहिलं नाही, शाबासकी दिली नाही, तशीच पुढची ओळ धरली. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. सगळ्यांनी मिळून माना वळवल्या असत्या तर तो पुन्हा कित्येक दिवस मिटून गेला असता. गाण्यात एकट्याने उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही. चुकलेला शब्द सगळ्यांच्या आवाजात विरून जातो, आणि बरोबर आलेला ज्याचा त्याला कळतो.

मैफलीत समेवर जाणकारांची मान हलते, तशी वाट पाहायला माणूस फार लवकर शिकतो. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या, झोपेत असलेल्या बाळांना ड्रमचा एक ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, वजनाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी ती चूक टिपली. 2009 साली हे प्रसिद्ध झालं. ज्याला अजून आईचा चेहराही धड दिसत नाही, त्याला सम गेल्याचं कळतं! ताईंची थांबण्याची युक्ती चालते, कारण ऐकणारा आधीपासूनच तयार असतो.

मराठी वाचायला शिकताना तर गाण्याचा फार जवळून उपयोग होतो. मुलांना शब्दांवर टाळ्या वाजवायला सांगा. बा-हु-ली: तीन टाळ्या, पाटीवर तीन अक्षरं. इथवर सोपं आहे. आता कमळ घ्या. बोलताना आपण ‘क-मळ्’ असं दोन झटक्यांत म्हणतो आणि लिहिताना तीन अक्षरं काढतो. शेवटच्या ळमधला ‘अ’ बोलण्यात गिळला जातो, मुलाला तो ऐकूच येत नाही. गाण्यात मात्र तो परत येतो. ओवी म्हणा, अभंग म्हणा, ओळ लांबली की शेवटचं अक्षर पूर्ण उघडतं: क-म-ळ. ज्या मुलाने कमळ गाऊन पाहिलं आहे, त्याला तिसरं अक्षर कुठून आलं हे समजावत बसावं लागत नाही. पहिलीत अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांचं घोडं इथेच पेंड खातं, आणि आपण त्यांच्या हातात आणखी एक पाठ्यपुस्तक देतो.

पाठ्यपुस्तकापलीकडची वाट आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे 1957मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं आली. गाणं त्या रीतीत आपसूक बसतं, कारण ते तर झोळीतही घालावं लागत नाही. आणि ज्या पाड्यांवर त्या गेल्या तिथे संगीत आधीच होतं. वारली आदिवासींच्या नाचात तारपा वाजवणारा मध्ये असतो, बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. अशा घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा ते लयीत कोरं नसतं. त्याच्या घरचं गाणं अंगणवाडीत म्हटलं गेलं, तर त्याला आपली बोली बाहेर चपलांजवळ काढून ठेवावी लागत नाही.

याउलट 1993 सालच्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगाचं पुढे काय झालं पाहा. मोझार्ट ऐकल्यावर कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, तीही दहा-पंधरा मिनिटांपुरती. त्यात एकही बाळ नव्हतं. तरी नुसतं संगीत ऐकून बाळ हुशार होईल, या आशेवर बाळांसाठी सीडी विकल्या गेल्या, आणि 1998मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आज तीच आशा मोबाईलवर चालते. जेवताना पडद्यावरची गाणी लागतात, घास आत जातो. पण पडदा मुलासाठी थांबत नाही. मूल शब्द शोधत असलं, ओठ जुळवत असलं, तरी गाणं पुढे निघून जातं. समोरचं माणूस मुलाचे डोळे बघून थांबतं, आज मात्रा दोन करतं, उद्या दोन शब्द मोकळे सोडतं.

‘माझा गळा नाही हो चांगला’, असं सेविका सांगतात, आयाही सांगतात, बाप तर हमखास सांगतात. मी त्यांना एवढंच म्हणते, आंघोळ घालताना म्हणा. पाण्याच्या तांब्यागणिक एक ओळ, बेसूर असली तरी चालेल, आणि शेवटच्या शब्दाआधी तांब्या हवेतच धरा. दोन-चार दिवस काही होणार नाही. मग साबणाने डोळे मिटलेलं पोर ओरडून तो शब्द म्हणेल आणि पुढच्या तांब्याची घाई करेल.