आमची सावरी

मार्जारजातीविषयी आमचे मत पूर्वीपासून फारसे अनुकूल नव्हते. लहानपणी नंदुरबारला आजीच्या घरी जी मांजरे पाहिली, ती सारी दुधाच्या पातेल्यावर डोळा ठेवणारी, आणि उचलून घेताच हातावर चार ओरखडे उमटवून पसार होणारी. वाघाची मावशी हे नाव त्यांना खरोखर शोभे. म्हणून गेल्या मार्गशीर्षात, हजीऱ्याच्या वसाहतीतील आमच्या शेजारचे बिऱ्हाड बदलीमुळे दूरदेशी गेले आणि जाताना त्यांनी आपली मांजरी ‘दोन महिने सांभाळा’ म्हणून आमच्या स्वाधीन केली, तेव्हा आम्ही मनातून नाराजच होतो. ते दोन महिने अद्याप संपलेले नाहीत.

पेटीचे दार उघडले तेव्हा आतून मांजर बाहेर आले असे आम्हांला वाटलेच नाही. पिंजलेल्या कापसाचा एक राखी ढीग हळूच पुढे सरकला, आणि त्या ढिगाला तांब्याच्या नव्या पैशासारखे दोन वाटोळे डोळे असल्याचे मागाहून ध्यानात आले. अंगावरची लव बोटभर लांब; गळ्याभोवती तर सिंहासारखी आयाळ. शेपूट आखूड, पण इतकी भरघोस की ती जमिनीवरून ओढत चालली म्हणजे केरसुणीची आठवण व्हावी. पाय बुटके, कान लहान, नाक मात्र जणू कोणी अंगठ्याने आत दाबून बसवलेले. शेजाऱ्यांनी तिला कसलेसे इंग्रजी नाव ठेवले होते. आजीला ते उच्चारता येईना. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “ही तर सावरीचा कापूस!” तेव्हापासून ती सावरी झाली.

तिच्या स्वभावाविषयी काय लिहावे? तिचा आवाज इतका बारीक की म्याँव करण्यापूर्वी ती परवानगी मागते की काय असे वाटे. उंच फळीवर उडी मारणे तिच्या गावीच नव्हते. आमची धाकटी बहीण तिला बाहुलीचे झबले घाली, कपाळी कुंकू लावी, आणि हे सर्व सोहळे सावरी डोळे अर्धवट मिटून स्वीकारी. एकदा वसाहतीतील एक दांडगा बोका सज्जातून आत शिरला आणि तिच्या ताटलीतील मासळी तिच्यादेखत खाऊ लागला. आम्ही काठी घेऊन धावलो. सावरी शेजारीच बसून पाहत होती. पाहुण्याला काही कमी तर पडत नाही ना, अशी तिची मुद्रा! आजीला मात्र पहिले काही दिवस हे सौजन्य संशयास्पद वाटे. “गोगलगाय नि पोटात पाय,” असे म्हणून ती दुधावर दुहेरी झाकण ठेवी. पुढे ते झाकण केव्हा एकेरी झाले ते कळलेच नाही.

वर्गात सुरत बंदराचा इतिहास चालला असता आम्ही या मांजरीचा विषय काढला. तेव्हा गुरुजींनी सांगितलेली हकीकत ऐकून आम्ही थक्क झालो. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी सतराव्या शतकाच्या आरंभी इराणात राहत होता. इ. स. १६२० मध्ये इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासान प्रांतातील मांजरांचे वर्णन केले आहे : रंग राखी, केस रेशमासारखे तलम आणि गळ्याखाली विशेष लांब, शेपटीचा तुरा खारीसारखा पाठीवर वळवलेला, आणि वृत्ती अगदी माणसाळलेली. अशा चार जोड्या स्वदेशी नेण्याचा त्याचा मनोदय होता. पोर्तुगीजांनी ही मांजरे हिंदुस्थानात आणल्याचेही तो लिहितो. पुढे १६२१ च्या अखेरीस होर्मुझजवळ त्याची तरुण पत्नी मानी मरण पावली. तिचा देह औषधी मसाल्यांत जतन करून, पेटीत घालून तो बरोबर वागवीत निघाला, आणि १६२३ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या जहाजातून आला तो आमच्याच किनाऱ्याला, सुवाळीला! तापीच्या मुखात गाळ साचल्यामुळे मोठी गलबते त्या काळी सुरतेपर्यंत न जाता सुवाळीच्या खाडीत नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली ती याच पाण्यात.

पुढच्या रविवारी आम्ही सायकलवरून सुवाळीला गेलो. समोर ओहोटीचा चिखल, पाठीमागे कारखान्यांची धुराडी, चणे-फुटाण्यांच्या गाड्या, उंटावर बसलेली मुले. जहाजाची खूण काही उरलेली नाही. तरीपण मांजराच्या शेपटीचे केस बोटांनी मोजणारा आणि मृत पत्नीला मागे टाकू न शकणारा तो मनुष्य एकच होता, हे मनातून जाईना. घरी येऊन सावरीला म्हटले, “बाई, तुझे माहेर आम्हांला ठाऊक झाले!”

विज्ञानाच्या बाईंनी मात्र या आनंदावर विरजण घातले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात आजची पर्शियन मांजरे इराणकडच्या नव्हे, तर पश्चिम युरोपातील मांजरांच्या अधिक जवळची आढळली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून हौशी लोकांनी निवडून निवडून ही जात घडवली. जुन्या चित्रांतील पर्शियन मांजराला चांगले सरळ नाक असे. ते चपटे करण्याचे श्रेय माणसाकडे जाते. त्यामुळे तिला श्वास घेताना कष्ट पडतात आणि डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळते. आम्ही समजत होतो की ती हळवी आहे!

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास संकोच वाटतो. हे केस रोज विंचरावे लागतात. मांजर आपल्या जिभेने एवढे रान साफ करू शकत नाही. ते काम आमच्याकडे होते. चैत्रात वार्षिक परीक्षा आली आणि फणी राहिली. आजी विचारी, “विंचरलीस का रे?” आम्ही “हो” म्हणत असू. पाठीवरून ओला हात फिरवला की वरून सारे चकचकीत दिसे. सुमारे महिनाभर हे चालले. सावरी खाटेवर येईनाशी झाली, न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून राहू लागली. आम्ही म्हटले, उकाडा आहे.

एके संध्याकाळी आजीने तिला मांडीवर घेतले आणि पोटाखाली हात घातला. तिचा हात तेथेच थांबला. ती काही बोलली नाही, आमच्याकडे फक्त पाहिले.

सुरतेच्या पशुवैद्यांनी यंत्राने ते केस भादरले. दीड तास लागला. काखेतील आणि पोटावरील केसांचे घोंगडीसारखे थर झाले होते. पाऊल टाकताना प्रत्येक वेळी त्यांनी कातडी ओढली जात असली पाहिजे. खाली सारे लाल होते, आणि एका काखेत जखम. आम्ही तिला धरून उभे होतो. तिने नख बाहेर काढले नाही. आमच्या कोपराच्या खोबणीत तोंड खुपसून ती तशीच राहिली. डॉक्टर यंत्र पुसत म्हणाले, “ओरखडणारं मांजर असतं, तर तुम्हांला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं असतं.”

घरी आणली तेव्हा ती ओळखू येईना : मोठे डोके, काडीसारखे अंग. बहीण रडली आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. सावरी मात्र त्याच रात्री खुरडत आली आणि भूगोलाच्या उघड्या पुस्तकावर अंग टाकून झोपली. परीक्षेचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. पुस्तक तसेच राहू दिले.

श्रावणात केस पुन्हा अर्ध्या बोटाएवढे झाले. दिवेलागणीनंतर विंचरण्याची वेळ ठरलेली आहे : आधी पोट, मग काखा, मग कानांमागे, आणि पाठ सर्वांत शेवटी. गुंता असला तर पाणी लावावयाचे नाही. ओला गुंता अधिक आवळतो. सारे झाल्यावर आजी चष्मा लावते आणि दोन्ही काखा स्वतः बोटांनी चाचपून पाहते. आम्ही “झाले” म्हटलेले तिला आता पुरत नाही.