दोरीच्या अलीकडून

चि. मुक्ता,


टूर कंपनीशिवाय, सासूबाईंना घेऊन इजिप्तला निघालीस हे वाचून फार आनंद झाला. तिथे पावलोपावली लुबाडतात असं ऐकून तू धास्तावलेली दिसतेस. ऐकलंस ते खरं आहे. पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच पैशांची. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी गीझा. पिरॅमिडच्या आवारात कुणीतरी अधिकाऱ्याच्या रुबाबात तिकीट मागेल आणि ते हातात घेऊन तुला सरळ आपल्या उंटापाशी नेईल. फाटकावर तपासणी झाली की तिकीट पर्समध्ये ठेव. पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं, ते त्याच्या दारावरच दाखवायचं. उंटवाले चढायचे पैसे थोडे सांगतात आणि उतरायचे भरमसाट. उंट खाली बसल्याशिवाय उतरता येत नाही, आणि त्याला बसवणं मालकाच्या हातात. म्हणून सगळं आधी वदवून घे: किती वेळ, दोघींचे मिळून किती, उतरण्यासकट किती, आणि पाउंड म्हणजे इजिप्तचाच पाउंड, इंग्लंडचा नव्हे. सासूबाईंचे गुडघे पाहता त्यांना उंटावर बसवूच नकोस.

अरबी आकडे शिकून घे. त्यांचे दोन आणि तीन तुला ओळखीचे वाटतील, पण पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. किमतीची पाटी स्वतः वाचता आली की निम्मी घासाघीस वाचते.

परदेशी पाहुण्याचं तिकीट स्थानिकांपेक्षा कितीतरी महाग असतं, त्याला मात्र लूट म्हणू नकोस. वेरूळला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी माणसाकडून ६०० घेतो. सामान उचलणारा, स्वच्छतागृहाच्या दाराशी बसलेली बाई, मशिदीत चपला सांभाळणारा म्हातारा, यांना बक्शीश हसून दे. २०११च्या उठावानंतर तिथले प्रवासी एकदम रोडावले. पुढे मार्च २०२४मध्ये एका डॉलरला सुमारे ३१ पाउंड होते, ते ५०च्या आसपास गेले. आपल्याला इजिप्त स्वस्त झालं ते त्यांच्या पगाराची किंमत उतरल्यामुळे. दहा-वीस पाउंडांसाठी त्या माणसांशी हुज्जत घालणं मला तरी शोभत नाही असं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये एका तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. आत पायघोळ गलाबिया घातलेला एखादा रखवालदार हळूच खूण करेल, दोरी उचलेल, पलीकडे नेऊन भिंतीवर विजेरी मारेल आणि मग अंगठा बोटांवर घासून दाखवेल. उंटवाल्याच्या नावाने बोटं मोडणारे प्रवासी हे पैसे अगदी खुशीने देतात आणि घरी येऊन कौतुकाने सांगतात. मुक्ता, हे पैसे देऊ नकोस.

उंटवाला घेतो ते तुझ्या पर्समधून. इथे मात्र भिंतीचं जातं. १९०४ साली इटालियन संशोधक स्कियापारेल्लीला सापडलेलं राणी नेफर्तारीचं थडगं आठव. तिथल्या चुनखडीत मूळचंच मीठ आहे. ओल पोचली की ते विरघळतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि चित्रासकट गिलावा भिंतीपासून सुटतो. गेटी संस्था आणि इजिप्तचे तज्ज्ञ १९८६ ते १९९२ ते थडगं सावरत होते. माणसांचा श्वास आणि घाम हीसुद्धा ओलच. त्यात अरुंद जागेत पाठीवरची पिशवी रंगाला घासते, कुणी नकळत हात टेकतो. तीन हजारांहून अधिक वर्षं टिकलेला रंग तेवढ्यानेही जातो, आणि तो पुन्हा कुणी आणू शकत नाही. हे आठवलं की मला अजूनही राग येतो, रखवालदारापेक्षा खिशात हात घालणाऱ्यांचा अधिक.

आणि बक्शीश वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. फ्लिंडर्स पेट्री आपल्या उत्खननावरच्या मजुरांना सापडलेल्या वस्तूंबद्दल बक्शीश देत असे, म्हणजे त्या लपवून व्यापाऱ्याला विकायचा मोह त्यांना होऊ नये. त्यामुळे कितीतरी लहानसहान वस्तू कुठे सापडल्या याच्या नोंदीसह वाचल्या. तूही तसंच कर. जो रखवालदार दोरीच्या अलीकडे उभा राहून एखादा देव, एखादं नाव बोटाने दाखवेल, त्याने मागायची वाट न बघता त्याच्या हातात नोट ठेव. जो दोरी उचलेल त्याला ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, म्हण आणि पुढे चालू लाग. त्याचा चेहरा पडला तर पडू दे.

एटीएममधून मोठ्या नोटा येतात, त्या हॉटेलात मोडून सुट्टे वेगळ्या खिशात ठेव. व्हॅली ऑफ द किंग्जमधल्या पहिल्या सेती राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, तरी काढ आणि खालच्या दालनाचं छत सावकाश बघ. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत. सासूबाईंना झेपतील का, हे तिकीट काढण्याआधी त्यांनाच विचार.

तुझा,
मामा