राजस्तंभ खोडताना

एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, शक्यतो संस्कृतातून घडवलेला, आणि एकदा ठरला की त्याला हात लावायचा नाही. तांत्रिक भाषांतराच्या धंद्यात मी हा नेम वर्षानुवर्षं पाळला. त्याला परंपरेचं पाठबळ होतं. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला होता, आणि १९६० साली राज्य झाल्यावर भाषा संचालनालय उभं राहून त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. त्या रांगेतला आपण शेवटचा शिपाई, अशी माझी समजूत होती. ती गेली. आणि ती कुणा भाषापंडिताने घालवली नाही, छपराने घालवली.

काम आलं होतं छपराचा सांगाडा आणि त्याचं इन्सुलेशन यांवरच्या इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी शब्दावलीचं. सुरुवातीला वाटलं होतं की इंग्रजी आणि फ्रेंच रकाने एकमेकांना चोख जुळतील आणि रखडेल ती आपलीच मराठी. घडलं उलटं. फ्रेंच ‘शव्रों’ म्हणजे वासा. तोच शब्द इंग्रजीत गेला आणि शिपायाच्या बाहीवरची तिरकी पट्टी झाला. फ्रेंच ‘फेर्म’ म्हणजे छपराची कैची, आणि शेतवाडीही. सर्वांत घोळ ‘सार्किंग’चा. स्कॉटलंडात सार्क म्हणजे सदरा, म्हणून स्लेटखाली ठोकलेल्या फळ्यांना सार्किंग म्हणतात. ऑस्ट्रेलियात कौलांखाली पसरलेला चकचकीत कागद म्हणजे सार्किंग. फ्रेंचांनी शब्द जसाच्या तसा उचलला, पण त्यांच्याकडे तो वाशांच्या वरून इन्सुलेशनचे जाड तक्ते अंथरण्याच्या पद्धतीला लागतो. एकच शब्द तीन देशांत तीन थरांचं नाव झालाय. याच्यासमोर मी कुठला ‘एकच’ मराठी शब्द ठेवणार होतो?

आकड्यांनीही साथ दिली नाही. उष्णता अडवण्याची ताकद ‘आर’मध्ये मोजतात. पण अमेरिकेतल्या गुंडाळीवर ‘आर ३०’ छापलेलं असतं, त्याच मालाचा आर फ्रान्समध्ये ५.३च्या आसपास भरतो, कारण तिथे मोजमाप मेट्रिक. अक्षर तेच, आकड्यात साडेपाच पटींहून जास्त फरक.

तरीही मी हट्ट सोडला नव्हता. सुटला तो ‘किंग पोस्ट’पाशी. कैचीच्या मधोमध उभं असलेलं लाकूड ते हे. वहीत मी मोठ्या समाधानाने ‘राजस्तंभ’ लिहून ठेवलं होतं. ठाण्याच्या माजिवड्यात एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना ती पानं वाचून दाखवत होतो. ते म्हणाले, “साहेब, हा खांब नाय. हा लटकतोय.” खरंच होतं. खांब वरून ओझं घेतो आणि खाली सोडतो. हे लाकूड मात्र खालच्या तुळईचा मध्य वर धरून ठेवतं, त्यात ताण असतो. दाब नव्हेच. इंग्रजी ‘पोस्ट’ने आधीच फसवलं होतं, आणि मी संस्कृताच्या थाटात तीच फसवणूक पक्की करत होतो. माझा शब्द वाचून एखाद्या शिकाऊ पोराने त्याचा खालचा जोड नुसता टेकवून ठेवला असता, तर तुळई मध्ये झुकली असती. ‘राजस्तंभ’ मी त्याच संध्याकाळी खोडला.

त्यानंतर मी कोश मिटला आणि घरांकडे बघू लागलो. माजिवड्याच्या गावठाणात, उड्डाणपूल आणि मेट्रोच्या खांबांच्या आडोशाला, कौलारू घरं थोडीच दिसतात. पण तसल्या घराची भाषा किती भरलेली! आढं, वासे, रिपा, कोनवासा, पाखं, पन्हळ, वळचण, पागोळ्या, माळा, आणि पावसाआधीची शाकारणी. यातले कित्येक शब्द पाणी किंवा हवा कुठून जाते ते सांगतात. शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांसाठी एक गंमत: आपण ज्याला अस्सल देशी समजतो ते मंगळुरी कौल मुळात आल्सासमधलं. आल्टकिर्शच्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. त्याच धाटणीची कौलं बाझल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात, नेत्रावतीकाठच्या मातीतून भाजायला सुरुवात केली. आल्टकिर्शहून बाझल शहर जवळच आहे. नाव मंगळुरी पडलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि इन्सुलेशन? त्याला माझ्याकडे ‘उष्णतारोधन’ तयार होतं. शब्द वाईट नाही, पण तो वापरणार कोण? कौलांच्या फटींतून हवा खेळायची, त्यामुळे त्या घराला वेगळा थर लागला नाही. नंतर स्लॅब आला. त्याला वासे नाहीत, वळचण नाही, माळा नाही. थरच नाहीत, तर थरांची नावं कुठून येणार? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही खोलीत आग ओकत असतो. वरच्या मजल्यावरची माणसं त्याला ‘छत तापतं’ एवढंच म्हणतात. २०१८च्या इको निवास संहितेने, म्हणजे ऊर्जाबचतीच्या बांधकाम-नियमावलीने, घरांच्या छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली, १.२ वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. उघड्या १५० मिलिमीटर स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून बराच वर जातो.

परदेशी शब्द इथे आणताना त्याची बाजूही तपासावी लागते. फ्रेंच ‘पार-व्हापर’ला कोशातला ‘बाष्परोधक’ बरोबर बसतो. पण फ्रान्सच्या हिवाळ्यात दमट, उबदार हवा घरात असते, म्हणून तो पडदा आतल्या अंगाला लावतात. ठाण्यात एसी लावला की दमट हवा बाहेर आणि थंडावा आत. पडदा बाहेरच्या अंगाला हवा. शब्दाने बाजू सांगितली नाही, तर कामगार पडदा चुकीच्या अंगाला लावणार. म्हणून आता माझ्या शब्दावलीत आधी छेदचित्र येतं आणि मग नाव.

नावांच्या बाबतीतही मी सैल झालोय. ‘ब्रिकबॅट कोबा’ हा इंग्रजी निविदांत सर्रास छापला जाणारा शब्द. त्यातला कोबा आपलाच. विटांचे तुकडे चुन्या-सिमेंटात बसवून उतार काढायचा, पाणी पन्हळीकडे न्यायचं. काम गळती थांबवण्याचं, वर उन्हाची थोडी अडवणूक फुकटात. कुठल्याही समितीने न ठरवता तो इंग्रजीत जाऊन बसला. तशीच गच्चीवरची पत्र्याची शेड. ठाण्यात ती गळतीसाठी घालतात, पण बाजू उघड्या असल्या तर स्लॅब सावलीत राहतो आणि मधून वारा वाहतो. बाजू बंद केल्या की भट्टी. फ्रेंचांच्या ‘कोंब्ल’ला, म्हणजे छपराखालच्या त्या मोकळ्या जागेला, आजच्या ठाण्यात सर्वांत जवळची गोष्ट हीच. मी ‘पोटमाळा’शेजारी ‘गच्चीवरची शेड, बाजू उघड्या’ असं सरळ लिहून टाकलं. ‘इन्सुलेशन’ही देवनागरीत जसंच्या तसं ठेवलं.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. लाकडी छपराच्या पानावर ‘राफ्टर’ लिहायला हात धजत नाही. शेडचं काम करणारा आमचा फॅब्रिकेटर हसतो. त्याच्या तोंडी राफ्टर, पर्लिन, जे-बोल्ट याखेरीज काही येत नाही आणि त्याची कैची कधी झुकलेली नाही. बरीच वादावादी होऊन शेवटी तडजोड झाली: लोखंडाच्या पानावर त्याचा राफ्टर, लाकडाच्या पानावर माझा वासा.