पडावावरचे गिऱ्हाईक

ग्वाल्हेर स्थानकातून लष्कराकडे निघाले म्हणजे वाटेत पडाव लागतो. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये किल्ल्याखाली छावणी दिली, तिचे लष्कर शहर झाले. पडावाच्या मात्र नावातच मुक्काम उरला आहे, थांबत तेथे कोणी नाही. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी, फुलबाग, आणि फुलबागेत माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत १९२२ साली उभे राहिलेले प्राणिसंग्रहालय. तेथील चितळे पाहून नातवंडे हरखतात. मला मात्र आजीच्या चुलीवरचा दरवळ आठवतो. लिहिताना संकोच होतो, पण खरे तेच सांगावे.

माझ्या बालपणी घाटीगावाकडचा एक शिकारी सायकलीवरून पडावावर येत असे. हँडलला ओले गोणपाट, आत पळसाच्या पानांत बांधलेले पुडे. ना दुकान, ना पाटी, गिऱ्हाइके ठरलेली. "भाऊसाहब, साँभर है, कल शाम का," एवढेच तो वडिलांना म्हणे. ते मांस कोरडे, चरबी नावाला. बोकडासारखे शिजवू गेल्यास चामडे व्हायचे. आजी ते रात्रभर दह्यात मुरवी आणि तुपावर मंद आचेने शिजवी. एकदा काकांच्या दाताखाली छर्रा आला, तेव्हापासून ते पहिला घास फार जपून घेत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. काळविटाला पूर्ण अभय मिळाले. काही जनावरांची शिकार परवान्याने करता येई, तीही वाट १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. कायद्याची बातमी आल्यावर वडिलांनी पुडा परत केला. शिकारी रागावला नाही, पण म्हणाला, "महाराज मारें तो शिकार, हम मारें तो चोरी?" जयविलासातले पेंढा भरलेले वाघ आम्ही सर्वांनीच पाहिले होते, माधवराव महाराजांनी तर वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. वडील निरुत्तर झाले. तरी पुडा घेतला नाही, आणि ते योग्यच झाले असे मला आजही वाटते: विकत घेणारा आहे तोवर बंदूक थांबत नाही.

ब्रिटनमध्ये लांडगे नाहीत, हरणे वाढतात; तेथे प्रशिक्षण घेतलेला लहान शिकारीही तपासलेले, नोंदलेले मांस आपल्या गावात विकू शकतो. आपल्याकडे नीलगाय उभे पीक खाते, तिला मारण्याची परवानगी मिळू शकते. पण जनावर सरकारची मालमत्ता, त्याचे मांस बाजारात आणता येत नाही. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. २०२५च्या ऑक्टोबरात शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने हाकून काळविटे धरली व गांधीसागरकडे नेऊन सोडली, तो मार्ग मला अधिक रुचतो. खर्चाचा हिशेब जाणत्यांनी करावा. आणि जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्याच कुनोच्या जंगलात २०२२ साली चित्ते आले, तेव्हा त्यांच्या भक्ष्यासाठी बाहेरून चितळे आणून सोडली होती. आता खरे गिऱ्हाईक ते!

तो शिकारी पुढे पडावावरच सायकलींची पंक्चरे काढू लागला. वडील चाकांत हवा असली तरी तेथे उतरत. तो पंप मारी, पैसे घेत नसे, आणि हळूच विचारी, "माँजी अब क्या पकाती हैं?"