जळाली की जाळली?

व्याकरणाचा तास म्हटला की पोरं बाकावर डोकं टेकवतात. कर्तरी, कर्मणी, भावे. परीक्षेपुरतं पाठ करायचं नि पेपर झाला की विसरायचं. पण आपल्या माणसाचं मरण आणि मारणाऱ्याची सुटका, दोन्ही या तीन प्रयोगांत दडलेली आहेत. म्हणून मी कॉलेजातल्या पोरांना भाषण कसं ठोकावं हे शिकवत नाही. दुसऱ्याचं भाषण कसं वाचावं, बातमी कशी उसवावी आणि मग स्वतःचं जगणं कागदावर कसं मांडावं, एवढंच शिकवतो. कॉलेजात तासाला आणि रविवारी वस्तीतल्या विहारात.

मी येलदरीचा. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. गावाजवळ पूर्णा नदीवर धरण आहे. 1968 साली ते पुरं झालं. पायथ्याला वीजघर आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, ‘धरण आलं नि गावं उठली.’ हेच वाक्य मी एकदा फळ्यावर लिहिलं. विचारलं, धरण आलं म्हणजे काय चालत आलं? गावं उठली म्हणजे झोपेतून उठली? पोरं हसली. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, ‘‘सर, उठली नाहीत. उठवली.’’

बास. एवढाच धडा आहे. बाकीचं सगळं याच्यावरचं गणित.

आपल्या मराठीत ही जोडी जागोजाग सापडते. उठली–उठवली. मेला–मारला. तुटलं–तोडलं. जळाली–जाळली. पहिल्या शब्दात काम आपोआप होतं, जसा पाऊस पडतो तसं. दुसऱ्या शब्दात माणूस उभा राहतो. त्याला हात असतात आणि हातात काडी असते.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुजरलं ते तुमच्या घरातल्या थोरल्यांना विचारा. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. नाव यायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. त्या दिवसांबद्दल बोलताना लोक आजही सहज म्हणतात, ‘दंगल उसळली, घरं जळाली.’ आपली माणसंसुद्धा म्हणतात. उसळायला दंगल ही काय समुद्राची लाट आहे? दंगल दोन्हीकडून होते. एकीकडून होतो त्याला हल्ला म्हणतात. आणि घरं जळाली नाहीत, जाळली. एका कान्याचा फरक आहे. त्या एका कान्यात गुन्हेगार उभा आहे.

तर आमच्या वर्गाची रीत अशी. रोजचा पेपर घ्यायचा, लाल पेन घ्यायचा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता शोधायचा. ‘दोन गटांत वाद.’ कोणते गट? ‘जुन्या वैमनस्यातून मारहाण.’ वैमनस्याला हात असतात का? ‘तणाव निर्माण झाला.’ कोणी केला? ‘बहिष्कार पडला.’ पडायला ते काय धुकं आहे? फळ्यावर चार प्रश्न कायमचे लिहिलेले असतात. कोणी केलं? कोणाला केलं? लिहिणारा हे कोणाला सांगतोय? आणि सांगताना काय गाळतोय? पुस्तकात याला मोठमोठी नावं असतील. आमच्या वर्गात याला ‘कर्ता धरणं’ म्हणतात. चोर धरतात तसं.

मग पोरं विचारतात, सर, असं कोणी लिहिलंय का? मी त्यांच्यापुढं बाबासाहेबांचं 1936 चं भाषण ठेवतो. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर पाहून मंडळाचं धाबं दणाणलं. थोडं बदला म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. तेव्हा परिषद रद्द झाली नाही, मंडळानं ती रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. प्रती 1500.

त्यात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकिकत आहे, 1928 च्या वर्तमानपत्रातून घेतलेली. जरीकाठी पागोटं घालू नका, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, मोबदला न मागता कामं करा, नाहीतर गाव सोडा. आता बघा, हे कोणी फर्मावलं ते तिथं कसं आलंय. ‘समाजकंटकांनी’ असं नाही. ‘काही लोकांनी’ असंही नाही. कलोता, राजपूत, ब्राह्मण आणि त्यांतले पाटील-पटवारी. कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना ही गावं नावानिशी. जात, हुद्दा, गाव, तारीख. जयंतीला आपण बाबासाहेब गळा फाडून सांगतो. पण बॅरिस्टरनं वाक्य कसं बांधलंय, पळवाट कशी बुजवलीय, हे वाचत नाही.

आणि बॅरिस्टर व्हायचीही गरज नाही. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे. मांगाची पोर, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. म्हणजे आपल्या नववीतल्या पोरीएवढी. तिनं बाजीरावाच्या राज्यातल्या जुलमाबद्दल लिहिताना नुसता ‘जुलूम झाला’ म्हणून पदर झटकला नाही. आडनावं घेतली. आणि तिथंच थांबली नाही. महारही आम्हा मांगांची सावली टाळतात, हा ब्राह्मणांचाच गुण त्यांच्यात उतरलाय, हेही त्याच निबंधात लिहिलं. मुक्तानं कर्ता दोन्हीकडं धरला. समोरच्याकडं आणि शेजारच्याकडं.

हे दुसरं काम अवघड. स्वतःवर लिहायला सांगितलं की पोरं मोबाइलमधून निबंध उतरवून आणतात. ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून मी अंधाराकडून प्रकाशाकडे वाटचाल केली.’ मी लाल पेनानं ‘परिस्थिती’ खोडतो. ही परिस्थिती कोण बाई? कुठं राहते? तिचं नाव लिहून आण.

एकानं वही परत आणली. त्यात होतं, ‘बापानं मुकादमाकडून उचल घेतली. ती फेडायला माय-बाप कोयता घेऊन कारखान्याला गेले. मलाही नेलं. शाळेत माझी हजेरी लागत होती आणि मी फडात वाढे बांधत होतो.’ मी विचारलं, हजेरी लागत होती की लावत होते? त्यानं खोडून ‘गुरुजी लावत होते’ केलं. त्या तीन शब्दांनी त्याचा अख्खा निबंध पालटला. आधी तो नशिबाची कहाणी सांगत होता. आता तो हिशेब मागत होता.

एका पोरीनं लिहिलं, ‘मग माझ्या बहिणीचं लग्न झालं.’ मी फक्त ‘झालं’खाली रेघ मारली. पुढच्या रविवारी वही आली. ‘बापानं लावलं. स्थळ दादानं आणलं. मायला विचारलं नाही, बहिणीला तर नाहीच. तिला पंधरावं लागलं होतं. दादा जयंती मंडळाचा अध्यक्ष आहे.’

तिनं हे वर्गात वाचलं तेव्हा एक कार्यकर्ता पोरगा ताडकन उठला. ‘‘सर, ही आपल्याच माणसांची बदनामी झाली. गावातले वाचतील नि हसतील. त्यांच्या हातात आयतं कोलीत कामून द्यायचं?’’

प्रश्न खरा आहे. हसणारे हसतात, यात शंका नाही. मी त्याला फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं सांगितलं. दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहिलेलं त्यांचं ‘जिणं आमचं’ 1986 साली पुस्तक म्हणून आलं. त्यात गावानं केलेला छळ आहे आणि घरातल्या पुरुषानं केलेला छळही आहे. त्यामुळं चळवळ बुडाली का? मी म्हणालो, गावाला ‘जाळली’ म्हणायला लावणार असशील, तर घरात ‘झालं’ म्हणून चालणार नाही. वजनकाटा एकच पाहिजे. पोरगा बसला. त्याला पटलं असं नाही. महिनाभर तो वर्गात बोलला नाही. पण वही देत राहिला.

हे सगळं कशासाठी? तर ऐका. हीच बहिणीची गोष्ट लिहिणारी पोरगी. तिच्या चुलत्याला पारावर चारचौघांत जात काढून मारलं. ठाण्यात लिहून घेतलं गेलं, ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची होऊन मारहाण झाली.’ चुलता अंगठा उठवायला निघाला. पोरगी म्हणाली, ‘‘थांबा काका. साहेब, आधी वाचून दाखवा.’’ फिर्याद वाचून दाखवली पाहिजे आणि तिची नक्कल फुकट दिली पाहिजे, हा कायदाच आहे. पूर्वी फौजदारी संहितेच्या 154 कलमात होता, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमात आहे. आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला नुसती ‘शिवीगाळ’ पुरत नाही. कोण बोललं, त्याची जात काय, नेमके शब्द कोणते, जागा लोकांच्या नजरेसमोरची होती का, तिथं कोण कोण हजर होतं, हे कागदावर यावं लागतं. नाहीतर कोर्टात केस गळते. गळते म्हणजे काय ते तुम्हांला आता कळतं. गाळली जाते.

ती दीड तास तिथून हलली नाही. ‘झाली’ काढून ‘केली’ आलं. ‘किरकोळ कारण’ गेलं. चार नावं आली. खटला अजून उभा आहे.

म्हणून दोस्तहो, तुम्ही पत्रकं काढता, निवेदनं देता, मोर्च्यात बोलता. तुमचं शेवटचं निवेदन काढा आणि लाल पेन घ्या. ‘अन्याय झाला’, ‘हल्ला झाला’, ‘दुर्लक्ष झालं’ असं किती ठिकाणी आहे ते मोजा. प्रत्येक ‘झालं’च्या जागी नाव लिहा. नाव लिहायला हात कापला तर समजा, तिथंच खरी गोष्ट आहे. मग दुसरा कागद घ्या, स्वतःच्या घराचा, आणि त्याच पेनानं तोही तपासा.

जयभीम.