जामबागेहून पक्ष्यांच्या गावी

नाताळचा सण आटोपून थोडी सवड मिळताच मी जानेवारीत हैदराबादेस गेलो. मुक्काम होता जामबागेत, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. मुसी नदीजवळचा हा भाग मोठा गजबजलेला. मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी संस्था येथेच असल्यामुळे परमुलखात आल्यासारखे वाटले नाही. येथला प्रसिद्ध फुलबाजार मात्र आता गुडीमलकापूरला गेला आहे.

गुरुजींना पक्षिनिरीक्षणाचा छंद. पहाटे गच्चीवर घारींच्या घिरट्या दाखवीत ते म्हणाले, "फादर, दुर्बीण मागाहून. आधी कान उघडे ठेवायला शिका."

निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली केली. पत्नी तेहमिनाबाई त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडल्या. त्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. बालपणी स्वतःच मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे सलीम अली या विद्येकडे वळले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही चिमणीच्या पडण्याचेच दिले. ते शब्द शेक्सपियरचे, आणि त्यांचे मूळ संत मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. हे ऐकताच मला माझी गलोल आठवली. लहानपणी मीही एक बुलबुल पाडला होता. परंतु त्यापासून काही शिकण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नल्लमलाच्या अरण्यातून दक्षिणेकडे निघालो. वाटेत थांबलो तेव्हा तांबटाची टुकटुक आणि कोतवालाची शीळ कानी आली. पक्षी दृष्टीस पडले ते फार उशिरा. पुढे कडप्पा जिल्ह्यात लंकमलाच्या पायथ्याशी काटेरी झुडपांचे माळरान लागले. दिसायला अगदी उजाड. गुरुजींनी तेथे टोपी काढली.

या माळावर जेर्डनचा धाविक नावाचा निशाचर पक्षी राहतो. जेर्डन या इंग्रज डॉक्टराने १८४८ च्या सुमारास तो शोधून काढला. १९०० च्या सुमारास तो दिसेनासा झाला आणि पंडितांनी तो नामशेष झाला असे मानले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भारत भूषण यांनी गावोगाव पक्ष्याचे चित्र दाखवून चौकशी केली. ऐतण्णा नावाच्या स्थानिक पारध्याने जानेवारी १९८६ मध्ये रात्रीच्या वेळी तो पक्षी जिवंत पकडून आणला. ज्याला जग हरवलेला समजत होते, तो त्या गरीब माणसाच्या रानात होताच! दुर्दैवाने पकडलेला पक्षी जगला नाही. परंतु त्यामुळे त्या माळाला अभयारण्याचे संरक्षण लाभले, आणि पुढे तेलुगू-गंगा कालव्याचा मार्गही बदलण्यात आला. तरीही हा पक्षी आज विनाशाच्या अगदी काठावर आहे. आम्हांला तो दिसला नाही, आणि आम्ही तो शोधलाही नाही.

शेवटी समुद्राकडे वळलो. नेलापट्टूच्या तळ्यात अर्ध्या बुडालेल्या झाडांवर झोळीवाल्यांची घरटी दाटली होती. मोठाली चोच उघडून पिले आईबापांच्या गळ्यातील मासळीसाठी झगडत होती. पुलिकतच्या खाऱ्या पाण्यात रोहितांच्या रांगा उभ्या होत्या. पाहता पाहता संध्याकाळ झाली, आणि आम्हां दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

वाचकहो, आपल्या खाजणातही कोणता पक्षी कोणत्या भरतीला उतरतो, हे जाणणारे एखादे आजोबा अजून असतील. त्यांना कोणी विचारीत नाही. या रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना त्यांच्याकडे पाठवा, आणि जाताना गलोल घरी ठेवायला सांगा. आजोबा जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या. कोणास ठाऊक, आपल्याही गावात एखादा ऐतण्णा कोणीतरी चित्र घेऊन येण्याची वाट पाहत असेल.